तिरंग्यात आपला पट्टा कोणता?

ऑगस्ट महिना लागला की आपल्या मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. पहिला आपल्याच लोकांकडून येतो. 'तिरंग्यातला हिरवा रंग मुसलमानांचा आहे, अभिमानाने सांगा.' दुसरा पलीकडून येतो. 'झेंड्यात यांना हिरवा पट्टा दिला, तरी यांचं समाधान नाही.' हे मेसेज पाठवणारे लोक एरवी एकमेकांचं तोंडही बघणार नाहीत, पण एका बाबतीत त्यांचं पक्कं एकमत आहे. दोघांच्याही मते तिरंगा ही वाटणीची जमीन आहे आणि तिच्यातला एक तृतीयांश तुकडा मुसलमानांच्या नावाने सातबाऱ्यावर चढलेला आहे.

मला हा सातबारा मान्य नाही. हिरवा पट्टा आपला नाही, असं माझं म्हणणं आहे. हे वाचून काही जण नाराज होतील. त्यांनी जरा धीर धरावा आणि या झेंड्याची हकीकत शेवटपर्यंत ऐकावी, एवढीच विनंती.

हे मान्य केलंच पाहिजे की हा समज कोणी हवेतून काढलेला नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे. १९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेसच्या महासमितीची बैठक झाली. तिथे पिंगली वेंकय्या या आंध्रातल्या गृहस्थाने गांधीजींपुढे झेंड्याचा नमुना ठेवला. त्यात तांबडा आणि हिरवा असे दोनच रंग होते. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. जालंधरच्या लाला हंसराज यांनी चरख्याची कल्पना सुचवली होती. गांधीजींनी त्यात पांढऱ्या रंगाची भर घालायला सांगितलं. तो पांढरा रंग बाकीच्या सगळ्या धर्मांचा. म्हणजे १९२१ च्या झेंड्यात रंगांची वाटणी धर्माप्रमाणेच झालेली होती, यात शंका नाही. ते खिलाफत आणि असहकाराचे दिवस होते. हिंदू-मुस्लिम एकी हा त्या काळाचा मंत्र होता. त्यामुळे ती एकी झेंड्यावर डोळ्यांना दिसावी, असं वाटणं साहजिक होतं.

पण वाटणीचं एक असतं. एकदा वाटणी सुरू केली की प्रत्येक भाऊ पुढे येतो आणि 'माझा हिस्सा कुठे' म्हणून विचारतो. इथे पहिले पुढे आले ते शीख. आम्हाला 'बाकीचे' म्हणून पांढऱ्यात का घातलं, आमचा रंगही झेंड्यात घ्या, अशी त्यांची मागणी होती. ती चुकीची कशी म्हणणार? हिंदूला रंग, मुसलमानाला रंग, मग शिखाला का नको? आणि शिखाला दिला तर ख्रिश्चनाला, पारशाला, जैनाला, बौद्धाला का नको? शिवाय कोणाचा पट्टा वर आणि कोणाचा खाली, हा वाद वेगळाच.

हा गुंता सोडवायला १९३१ च्या कराची अधिवेशनाच्या वेळी सात जणांची समिती नेमली गेली. सरदार पटेल, पंडित नेहरू, पट्टाभि सीतारामय्या, मास्टर तारासिंग, काका कालेलकर, डॉ. ना. सु. हर्डीकर आणि मौलाना अबुल कलाम आझाद. या समितीने काय शिफारस केली माहीत आहे? संपूर्ण झेंडा एकाच रंगाचा असावा, आणि तो रंग केशरी असावा. कोपऱ्यात चरखा. बस्स. ज्या समितीत मौलाना आझादांसारखा कुराणाचा भाष्यकार बसला होता, त्या समितीने एकरंगी केशरी झेंडा सुचवला होता, ही गोष्ट आज रंगांवरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या दोन्ही बाजूंनी एकदा शांतपणे मनात घोळवून बघावी.

ती शिफारस काही टिकली नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये आपल्या मुंबईत महासमितीची बैठक झाली आणि तिथे आजच्या तिरंग्याच्या जवळ जाणारा झेंडा ठरला. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि पांढऱ्या पट्ट्यावर निळा चरखा. त्याच ठरावात स्पष्ट करण्यात आलं की या रंगांना कोणताही जातीय किंवा धार्मिक अर्थ नाही. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे शांती आणि सत्य, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य. चरखा म्हणजे सामान्य माणसाची आशा.

मला हा ठराव फार मोलाचा वाटतो. रंग जवळपास तेच राहिले, पण त्यांच्यावरची नावं पुसली गेली. १९२१ च्या झेंड्यात तुम्ही कोण आहात त्यावर तुमचा रंग ठरत होता. १९३१ च्या झेंड्यात तुमच्याकडून काय अपेक्षा आहे ते रंग सांगू लागले. त्याग फक्त हिंदूंनी करायचा आणि श्रद्धा फक्त मुसलमानांनी ठेवायची, असं काही त्यात नव्हतं. तिन्ही अपेक्षा प्रत्येकाकडून होत्या.

पुढे जून १९४७ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली झेंडा समिती नेमली गेली. तिच्यातही मौलाना आझाद होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. चरखा जाऊन सारनाथच्या सिंहस्तंभावरचं चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र आलं. गांधीजींना चरखा गेल्याचं वाईट वाटलं होतं. २२ जुलै १९४७ रोजी नेहरूंनी घटना समितीत ठराव मांडला आणि या झेंड्याकडे जातीय नजरेने बघू नका, हे बजावून सांगितलं. डॉ. राधाकृष्णन यांनी हिरव्या रंगाचा जो अर्थ सांगितला तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. हिरवा म्हणजे माती आणि तिच्यातून उगवणारं, ज्यावर सगळ्या जीवांचं पोट अवलंबून आहे ते सगळं. थोडक्यात, हिरवा रंग हा शेताचा रंग आहे. मृगाचा पाऊस पडल्यावर आठ-दहा दिवसांनी आपल्याकडे बांधावर उभं राहून जो दिसतो, तो. त्यावर कोणा एका जमातीने हक्क सांगावा असं त्यात काय आहे?

आता कोणी म्हणेल, झेंड्याच्या रंगांचा अर्थ बदलला काय आणि न बदलला काय, फरक काय पडतो? फरक कसा पडतो ते सांगतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या शाळेत पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी मुलांचा जिवंत तिरंगा करायचा ठरला. एक रांग केशरी कपड्यांची, एक पांढऱ्या, एक हिरव्या. वर्गातली सगळी मुसलमान मुलं हिरव्या रांगेत घातली गेली. बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट, 'तुमचा रंग तुम्हाला दिला' असं त्यांनी कौतुकानेच सांगितलं. माझी भाची तेव्हा सात वर्षांची. ईदला घेतलेला केशरी फ्रॉक तिच्या फार आवडीचा होता. ती मला विचारत होती, "मामू, मी केशरी रांगेत उभी राहिले तर काय होईल?" तिचे अब्बू म्हणाले, जाऊ दे, सांगितलंय तसं कर, उगाच शाळेत वाद नको. तिने हिरवा ड्रेस घातला. कार्यक्रम छान झाला, फोटोही छान आले.

ही फार क्षुल्लक गोष्ट आहे, मला कळतं. कोणाला मारलं नाही, कोणाला हाकललं नाही. पण त्या दिवशी एका सात वर्षांच्या मुलीला देशाच्या झेंड्यात तिची जागा दाखवून देण्यात आली, आणि ती जागा तिने निवडलेली नव्हती. अडचण हिरव्या रंगात नाही, ती 'तुमचा रंग' या दोन शब्दांत आहे. ज्याला एक पट्टा दिला जातो, त्याच्याकडून बाकीचे दोन पट्टे न बोलता काढून घेतले जातात. ही वाटणी कौतुकाने केली काय किंवा द्वेषाने केली काय, हिशेब तोच राहतो.

पट्टा वाटून दिल्यावर काय होतं, याचा नमुना बघायला फार लांब जायला नको. शेजारचा देश बघा. ११ ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या घटना सभेने त्यांचा झेंडा स्वीकारला. मुस्लिम लीगचा चंद्र-ताऱ्याचा हिरवा झेंडा घेतला आणि काठीच्या बाजूला एक उभा पांढरा पट्टा जोडला. हा पट्टा झेंड्याच्या एक चतुर्थांश रुंदीचा. हिरवा भाग बहुसंख्य मुसलमानांचा, पांढरा अल्पसंख्याकांचा. सभेतल्या काँग्रेसच्या हिंदू सदस्यांना हा झेंडा लीगच्या झेंड्यासारखाच वाटला. त्यावर पुन्हा विचार व्हावा असं त्यांनी सुचवलंही, पण लियाकत अली खान यांनी हा कोणा एका पक्षाचा किंवा जमातीचा झेंडा नाही असा खुलासा केला आणि ठराव मंजूर झाला. त्याच दिवशी त्याच सभागृहात जिनांनी आपलं ते प्रसिद्ध भाषण केलं, मंदिरात जा, मशिदीत जा, राज्याला त्याच्याशी देणंघेणं नाही, असं सांगणारं.

पांढरा पट्टा देणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असं मी म्हणणार नाही. त्या सभेच्या पहिल्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी जोगेंद्रनाथ मंडल होते. बंगालमधले दलित नेते. १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, तेच. ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. १९५० साली त्यांनी राजीनामा दिला आणि ते भारतात निघून आले. झेंड्यावर त्यांच्या लोकांसाठी राखून ठेवलेला पांढरा पट्टा होता, पण त्या पट्ट्याने त्यांच्या लोकांना वाचवलं नाही. एक पाव झेंडा तुमचा, याचा सरळ अर्थ पाऊण झेंडा तुमचा नाही. तिथल्या हिंदूला आणि ख्रिश्चनाला हे आपल्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे.

म्हणून मला आपल्या १९३१ च्या ठरावाचं मोल वाटतं. आपल्या पूर्वसुरींनी अल्पसंख्याकांना पट्टा दिला नाही, अख्खा झेंडा दिला. तो अख्खा झेंडा परत करून आपणच एक तृतीयांशाची पावती मागत फिरावं, हा कुठला शहाणपणा?

आता चंद्र-ताऱ्याविषयी. ईद-ए-मिलादचा जुलूस असो की एखाद्या दर्ग्याचा उरूस, हिरवं निशाण दिसलं की 'पाकिस्तानचा झेंडा फडकवला' अशी ओरड होते. पोलीस येतात, पोरं उचलली जातात, आणि चार दिवसांनी कळतं की ते साधं धार्मिक निशाण होतं. खरं तर ओळख अगदी सोपी आहे. काठीच्या बाजूला उभा पांढरा पट्टा नसेल तर तो पाकिस्तानचा झेंडा नव्हे. एवढी माहिती शाळेतल्या मुलालाही देता येईल.

पण आपणही थोडं वाचायला हवं. चंद्र-तारा हे इस्लामचं मूळ चिन्ह नाही. इस्लामच्या कित्येक शतकं आधी ग्रीकांच्या बिझँटियम शहराच्या नाण्यांवर चंद्रकोर आणि तारा होता. मुसलमानांशी ही खूण घट्ट जोडली गेली ती उस्मानी तुर्कांमुळे. १८४४ साली त्यांनी लाल झेंड्यावर चंद्र-तारा पक्का केला आणि पुढे अनेक मुस्लिम देशांनी तो उचलला. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर चंद्र नाही. जगात सर्वांत जास्त मुसलमानांची वस्ती असलेल्या देशांत गणल्या जाणाऱ्या इंडोनेशियाच्या झेंड्यावर तर काहीच नाही, नुसता लाल आणि पांढरा. उलट सिंगापूरच्या झेंड्यावर चंद्रकोर आहे आणि नेपाळच्या झेंड्यावरही आहे. आपल्या गावोगावच्या वीरगळांवर सगळ्यात वर काय कोरलेलं असतं? चंद्र आणि सूर्य. चंद्र-सूर्य असेतोवर या वीराची कीर्ती राहो, म्हणून. चंद्रावर कोणाचीही मालकी नाही.

आणि भारताच्या स्वातंत्र्याच्या झेंड्यांवरून तर चंद्र अजिबात परका नाही. १९०७ साली मादाम कामांनी जर्मनीत स्टुटगार्टला जो झेंडा फडकवला त्यावर सूर्य होता आणि चंद्रकोरही होती. तो झेंडा पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे. १९१७ च्या होमरूल चळवळीत लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांनी जो झेंडा वापरला त्यात पाच तांबडे आणि चार हिरवे पट्टे होते, सप्तर्षींचे सात तारे होते आणि एका कोपऱ्यात चंद्रकोर-तारा होता. टिळकांच्या हातात चंद्रकोरीचा झेंडा होता आणि तेव्हा पाकिस्तान हा शब्दही जन्माला आलेला नव्हता. हिरवं निशाण दिसताच ज्यांचं रक्त खवळतं त्यांनी एकदा केसरीवाड्यात जाऊन यावं.

एक गोष्ट मात्र आपल्या तरुणांना कडक शब्दांत सांगायची आहे. काही ठिकाणी जुलूसमध्ये तिरंग्यावरच चंद्र-तारा किंवा अक्षरं छापून आणण्याचा प्रकार होतो. त्यांना वाटतं, यातून धर्म आणि देश दोन्हींचं प्रेम दिसतं. तसं दिसत नाही. राष्ट्रध्वजावर काहीही लिहिणं हा १९७१ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग ते कितीही पवित्र असो. दुसऱ्या धर्माच्या मिरवणुकीत कोणी आपल्या देवाचं चित्र तिरंग्यावर छापलं तरी तोच नियम. धर्माचं निशाण वेगळं असू द्या, ते दर्ग्यावर, मशिदीवर, जुलूसमध्ये मानाने मिरवा. तिरंग्याला त्याच्या रंगांवर आणि त्याच्या चक्रावर राहू द्या.

याला जोडून आणखी एक वाद. तिरंगा कोणी तयार केला? आपल्याकडचा मेसेज म्हणतो, सुरैया तय्यबजी या मुस्लिम बाईंनी. दुसरा मेसेज म्हणतो, छे, पिंगली वेंकय्यांनी. वेंकय्यांचा १९२१ चा वाटा निर्विवाद आहे. सुरैया तय्यबजींनी अशोकचक्रासह १९४७ च्या झेंड्याची पहिली प्रत तयार केली, असं त्यांच्या कुटुंबातले लोक सांगत आले आहेत. दोन्ही नावं आदराने घ्यावीत. पण 'बघा, झेंडा आमच्या बाईने बनवला, आता तरी आम्हाला देशभक्त म्हणा' असा जो अर्जाचा सूर आपल्या मेसेजमध्ये असतो, तो मला खटकतो. समजा सुरैयाबाई जन्मल्याच नसत्या. मग काय तिरंग्यावरचा आपला हक्क एका पैने कमी झाला असता?

निष्ठा अशा पुराव्यांनी मोजताही येत नाही. २२ जुलै १९४७ च्या त्या सभेत मुस्लिम लीगचे चौधरी खलिकुज्जमा यांनी तिरंग्याला पाठिंबा देणारं भाषण केलं होतं. काही महिन्यांतच ते पाकिस्तानला निघून गेले. त्याच लीगचे आसामचे सर सय्यद सादुल्ला इथेच राहिले आणि बाबासाहेबांच्या मसुदा समितीत बसून त्यांनी या देशाची घटना लिहायला हात लावला. भाषण करून एक जण गेला, आणि घटनेच्या मसुद्यावर काम करायला दुसरा थांबला. लाखो साधी माणसं, ज्यांनी कुठल्याही सभेत भाषण केलं नाही, तीही आपापल्या गावात, आपापल्या शेतात आणि मागावर थांबली. त्यांचं थांबणं हीच त्यांची सलामी होती.

तरीही परीक्षा काही संपत नाही. २०१७ साली उत्तर प्रदेशात मदरशांना स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण करायला सांगितलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या झेंडावंदन करत आलेल्या मदरशांनाही. शेजारच्या शाळेला कोणी कॅमेरा लावायला सांगितला नाही. ज्याला झेंड्यात फक्त एक पट्टा दिलेला असतो, त्याच्याकडे कॅमेरा वळतो. ज्याचा झेंडा अख्खा असतो त्याला कोणी पुरावा मागत नाही.

कायदा मात्र वेगळंच सांगतो. एके काळी सामान्य नागरिकाला वर्षभर आपल्या घरावर झेंडा लावता येत नसे. २००२ च्या ध्वजसंहितेने ती मोकळीक दिली आणि २००४ साली नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदराने राष्ट्रध्वज फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. हक्क हा शब्द लक्षात ठेवा. हक्क आपण आपल्या मनाने बजावतो. परीक्षा दुसरा घेतो आणि गुणही तोच देतो. घरावर, मशिदीच्या अंगणात, मदरशात तिरंगा लावा, जरूर लावा. पण कोणाला दाखवायला नको. आपला आहे म्हणून लावा.

शिक्षकांना एक विनंती. मुलांचा तिरंगा करायचा असेल तर खुशाल करा, फार सुंदर दिसतो. फक्त रांगा लावताना हजेरीपटावरची आडनावं बघू नका. चिठ्ठ्या टाका, उंचीप्रमाणे लावा, किंवा मुलांनाच विचारा की तुला कुठला रंग आवडतो.

आणि आपल्या घरांत, मुलं कधीतरी विचारतीलच, झेंड्यात आपला पट्टा कोणता? तेव्हा हिरव्यावर बोट ठेवायची घाई करू नका. त्यांना १९३१ च्या मुंबईतल्या ठरावाची गोष्ट सांगा. मग केशरीवर बोट ठेवा आणि सांगा, हा आपला. पांढऱ्यावर ठेवा, हाही आपला. हिरव्यावर ठेवा, हाही आपला, जितका पाटलाच्या पोराचा, जितका भीमनगरातल्या मुलीचा, तितकाच. आणि मधलं चक्र त्यांना मोजायला लावा. चोवीस आरे आहेत. त्यातल्या एकावरही कोणाच्या जातीचं किंवा धर्माचं नाव लिहिलेलं नाही.